माळावरच्या घरांची यादी

मी तोंडाची फटकळ. शाळेत शिकवताना माझा आवाज पलीकडच्या तिसऱ्या वर्गापर्यंत जायचा. पण सरकारी कागदावर सही करायची म्हटलं की अजूनही मी कागद तीनदा वाचते, आणि ती भीती गावाबाहेरच्या माळानं लावली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव तेव्हा चहूकडं पसरायला लागलं होतं. चौकात एसटीडीचे बूथ, रस्त्याकडेच्या शेतांत प्लॉटिंग. पालिकेनं आपल्या माळावर एकच वसाहत आखली: व्यापाऱ्यांना मोठे प्लॉट, मास्तर-कारकुनांना मधली घरं आणि त्याच गल्ल्यांत माळावरच्या झोपडीवाल्यांना दोन-दोन खोल्या. मोठ्या प्लॉटांच्या पैशातून छोटी घरं उभी राहायची होती. मधल्या घरासाठी मीही अर्ज केला होता. माळावर कोण राहतं याच्या सर्व्हेला आम्हा मास्तरणींना जुंपलं, तेही पौषात!

पौषात माळावर कोण असणार? शिरूर कासारकडून येऊन राहिलेली ऊसतोड्यांची नऊ घरं, दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेली. दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. राखणीला एक म्हातारी तेवढी मागं. मी वही उघडून विचारलं, "इथं कोण राहतं?"

तिनं वही पाहिली, पेन पाहिलं. "कोनी न्हाई, बाई. मी बी पावनी हाय."

वही घेऊन येणारा माणूस झोपड्या उठवायलाच येतो, एवढंच तिला ठाऊक. आणि मला काय ठाऊक नव्हतं? त्या घरांतली तीन लेकरं दिवाळीपर्यंत माझ्याच वर्गात होती! पण ऊन कलत होतं, सांगतील ते लिहा असा हुकूम होता. मी लिहिलं: वस्ती नाही.

घरं मिळणाऱ्यांची यादी पालिकेच्या भिंतीवर लागली. माझं नाव होतं. त्या नऊ घरांतलं एकही नव्हतं, आणि नकाशात त्यांच्या जागेवर मोठे प्लॉट पडले होते. हरकत घ्यायला आठ दिवस. लोक परतायचे उन्हाळ्यात. हरकत घ्यायची म्हणजे माझाच सर्व्हे खोटा म्हणायचा. नोटीस येणार, लांब कुठंतरी बदली होणार, घरही जाणार. अगं गप्प बस ना, मी स्वतःला म्हणायची, कोण विचारतंय तुला? सातव्या दिवशी हजेरी घेताना त्या तीन गैरहजर लेकरांची नावं आली आणि मला पुढं वाचवेना.

मधल्या सुट्टीत म्हातारीला हाताला धरून पालिकेत आणलं. वाटभर ती विचारत होती, "कावून नेताय बाई? म्या काय केलं?" मी सगळं सांगितलं. तिला पटलं नाही.

कारकुनानं माझा अर्ज वाचला. "बाई, यात तुमचीच चूक निघतीय. साहेब सोडायचे नाहीत. बघा बुवा."

मी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात म्हातारीनं कागदावर पंजा ठेवला. "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमची बी लेकरं हायती. आमी कुटं बी पडू."

असा संताप आला! तिचा नाही, माझाच. तिचं ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. "हात काढा आधी!" मी ओरडले. सगळं ऑफिस बघायला लागलं. मी सही केली.

"नावं कुठायत?" कारकून म्हणाला. "नावांशिवाय हरकत नोंदवता येत नाही."

मी म्हातारीकडं पाहिलं. ती दाराकडं बघत होती. पळते की काय, असं वाटलं. मग खाली बसली, पदर सारखा केला आणि हळू आवाजात एकेका घराची माणसं सांगत गेली, अंगावर पिणाऱ्या लेकरासकट. मी लिहीत गेले. आठ घरं झाली नि ती थांबली.

"नववं?" मी विचारलं.

"लिवल्यावर उठवनार न्हाईत न्हवं?"

मला ठाऊक नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

मग तिनं स्वतःचं नाव सांगितलं.