बेचाळीस दिवसांचं पत्र

मला वाटलं होतं, नलूकाकू ते पत्र बघेल, डोळे पुसेल, मला जवळ घेईल आणि म्हणेल, "पोरी, काय काम केलंस." मग हॉलभर टाळ्या. एवढीच साधी अपेक्षा.

झालं असं, की नलूकाकूने पत्र पाहिलं, खालची चिठ्ठी वाचली, हातातला तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि नुसत्या साडी-चपलांवर ती बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. टाळी एकानेही वाजवली नाही.

आता बसलाच आहात तर ऐका. माझ्या हातून पुष्कळ घोटाळे झालेत आणि बाकीचे सगळे मी हसत सांगते. हा मात्र तसा सांगता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझा जन्म जर्सी सिटीचा. पण सातव्या वर्षी आईबाबांनी मला हिमालयातल्या एका निवासी शाळेत पाठवलं, मुलगी अमेरिकन होऊ नये म्हणून. तिथे मी मराठी सोडून सगळं शिकले. मराठी टिकली ती बाबांच्या पत्रांमुळे. मला वाचता यावं म्हणून ते छापल्यासारखं एकेक अक्षर सुटं काढायचे. बाविसाव्या वर्षी इतिहासात पीएच.डी. करायला मी परत आले, तोवर आईबाबा टेक्ससला गेले होते. म्हणून मी पिस्कॅटवेला, बाबांचे जुने मित्र वसंतकाका आणि नलूकाकू यांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले. तिथून युनिव्हर्सिटी बसने दहा मिनिटं.

माझा विषय होता टपालाचे रस्ते. हसू नका, त्या वयात मला त्याहून पवित्र काही वाटत नव्हतं. हा देश नवा होता तेव्हा टपाल कुठल्या रस्त्याने जाणार हे खुद्द काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायदा करून ठरवायची. या गावापासून त्या गावापर्यंत, तिथून पुढच्या गावापर्यंत, अशी याद्यांवर याद्या. दर काही वर्षांनी यादी बदलायची. एक रस्ता वाढायचा, एक गळायचा. मग गळलेल्या गावातली माणसं अर्ज लिहायची, की साहेब, घोडेस्वार आमच्यापासून दोन मैलांवरून जातो, त्याला जरा इकडे वळवा. खाली सगळ्यांच्या सह्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या फुल्या.

मी ते अर्ज मायक्रोफिल्मवर वाचायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाषण द्यायचे.

"काका, विचार करा. एक साधा शेतकरी अर्ज करतो आणि रस्ता बदलतो. लोकशाही म्हणजे दुसरं काय?"

"आमटी घे," वसंतकाका म्हणायचे.

"पण रस्ता बदलला हे सगळ्यांना कळवणं ही सरकारची जबाबदारी होती. नाही कळवलं तर पत्रं भलत्याच गावी पडून राहायची."

"अहो, वाढा तिला. भाषणाने पोट भरत नाही," नलूकाकू म्हणायची. मग माझ्याकडे वळून, "बोल गं तू. माझ्या स्वयंपाकघरात एवढं शहाणं कुणी बोलत नाही."

वसंतकाका ताटात बघत जेवायचे. तेव्हा मला वाटायचं, इंजिनियर माणूस, इतिहासात गम्य नाही.

लायब्ररीच्या तळघरात वॉल्टर नावाचा एक म्हातारा फाटके कागद जोडायचा. जपानी पातळ कागद आणि गव्हाची खळ. मी त्याच्याकडून ते शिकले. चांगली शिकले, हे सांगायलाच हवं, कारण वाईट शिकले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

तर संक्रांत आली. आमच्या मराठी मंडळाचा तिळगुळ आणि हळदीकुंकू एका शाळेच्या कॅफेटेरियात व्हायचं. मी म्हटलं, आपण एक छोटं प्रदर्शन लावू. डाव्या फळ्यावर जुन्या अमेरिकेतला टपालाचा रस्ता, उजव्या फळ्यावर महाराष्ट्रातून आपल्या घरी येणाऱ्या पत्राचा रस्ता. दोन देश, एक धागा. मंडळाच्या लोकांना यातलं काही कळलं नाही, पण फळे फुकट होते, म्हणून हो म्हणाले.

"काकू, जुनी पत्रं देशील?"

"कपाटात खाली बिस्किटांचा डबा आहे. वरची आठदहा घे. सगळी बहिणीची आहेत, लोणच्याच्या कृती आणि कुणाकुणाची लग्नं."

वरची आठदहा. एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिने. पण इतिहासाचा अभ्यासक वरच्या आठदहांवर थांबतो का? मी तळापर्यंत गेले. तळाला एक पांढरं पाकीट होतं आणि त्यात एका निळ्या एरोग्रामचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्या त्या घडीच्या पत्राचे, आठ तुकडे.

मला भरून आलं. एवढं जपून ठेवलंय, आणि बिचारीला जोडता येत नाही. ठरलं. काकूला सरप्राइज.

तुकडे मी वॉल्टरकडे नेले. त्याने ते भिंगाखाली धरले.

"हे अपघाताने फाटलेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम फाडलंय. आधी उभं, मग आडवं, मग पुन्हा उभं. विचारलंस का त्यांना?"

"आमच्या घरांत मुलं फार मस्ती करतात," मी ठामपणे म्हटलं. नलूकाकूला मूलबाळ नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी म्हटलं.

तीन संध्याकाळी मी ते जोडत बसले. आतला मजकूर वाचला नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा माझा बाणा. शिवाय बॉलपेनचं ते जोडाक्षरांचं घाईचं लिखाण मला सरळ वाचताही येईना. मी फक्त बाहेरची बाजू वाचली, शिक्के आणि पत्ते. आतल्या बाजूची एक कड फार विसकटली होती, ती कात्रीने सरळ केली.

आणि बाहेरची बाजू म्हणजे खजिना होता. यवतमाळचा शिक्का. मग जर्सी सिटीचा पत्ता. काकाकाकू पिस्कॅटवेला यायच्या आधी तिथे भाड्याने राहायचे. इमारतीचा सुपर, म्हणजे देखभाल करणारा, कुणी टापटिपीचा माणूस असावा. त्याने लाल पेन्सिलीने जुना पत्ता खोडून नवा लिहिला होता आणि बाजूला दोन तारखा टाकल्या होत्या, कधी आलं आणि कधी पुढे पाठवलं. मी दिवस मोजले आणि आनंदाने उडालेच.

प्रदर्शनात पत्र पत्त्याची बाजू वर करून लावलं आणि खाली माझ्या सुट्यासुट्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली: "यवतमाळ ते पिस्कॅटवे, बेचाळीस दिवस. उशिरा, पण सुखरूप. यातले तीस दिवस पत्र जर्सी सिटीतच पडून होतं, कारण घर बदलल्याची सूचना पोस्टात कुणी दिली नव्हती. ती दिली असती तर हे पत्र बारा दिवसांत पोचलं असतं."

बघा तरी. पुराव्यासकट.

फळ्यापाशी पहिल्या आल्या सिंधूमावशी, मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. चष्मा वर करून त्यांनी सांधे निरखले.

"हे कुणी जोडलं?"

"मी, मावशी. तीन दिवस लागले."

"का जोडलंस?"

"म्हणजे? फाटलं होतं."

"अगं, फाटलं नव्हतं, फाडलं होतं. सात-आठ हजार मैलांवरून आलेलं पत्र कुणी उगाच फाडतं का? कुणी गेल्याचं पत्र असलं की वाचून फाडतात. घरात ठेवत नाहीत. तुला कुणी सांगितलं नाही?"

हिमालयात कोण सांगणार होतं?

"आणि ते तू हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी लावलंस," मावशी म्हणाल्या. रागाने नाही. कीव केल्यासारखं.

मी पत्र काढायला हात वर केला, तेवढ्यात मागे नलूकाकू उभी होती. ती वाचत होती. पत्र नव्हे, माझी चिठ्ठी. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले, आणि ती परत त्याच ओळीच्या सुरुवातीला गेली.

वसंतकाका हातात चहाचा कप घेऊन आले. "नलू, तू हे टाकून दिलं नव्हतंस?"

 तिने डबा ठेवला आणि ती बाहेर गेली. त्यांनी तिचा कोट उचलला, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. कोट शेवटी मीच नेऊन दिला.

 घरी आल्यावर काकूने ओट्यापाशी उभं राहून, पाठमोरीच विचारलं, "अहो, मूव्ह केलं तेव्हा पोस्टातलं ते पत्ता बदलायचं कार्ड तुम्ही टाकलं होतं ना?"

काका खुर्चीवर बसले होते. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, ना खाली ना वर.

"भरलं होतं," काका म्हणाले. "कोटाच्या खिशात राहिलं. महिन्याने सापडलं, तेव्हा सुपरला फोन केला."

"मला म्हणालात, तिकडे पोस्टाचा संप असेल."

"म्हणालो."

"दहा वर्षं मी यवतमाळच्या पोस्टाला शिव्या घालतेय."

काकांनी खुर्ची जराशी मागे सरकवली.

"त्या महिन्यात आपण इथे गृहप्रवेश केला," काकू म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "साठ माणसं जेवली. मी नवी साडी नेसले, गाणी म्हटली. आई जाऊन तीन आठवडे झाले होते."

ती वर गेली. काका तिथेच बसून राहिले. मी बेसमेंटमध्ये जाऊन माफीचं भाषण तयार करू लागले. सुरुवात, मध्य, शेवट. खोटं कशाला बोलू, त्यात एक मुद्दा टपालाच्या इतिहासाचाही होता.

सकाळी वर आले तर काकांनी चहा केला होता. त्या घरात काकांनी चहा केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. काकू टेबलाशी बसली होती, समोर ते पत्र. मी भाषणासाठी तोंड उघडलं.

"बस," ती म्हणाली. "एवढे शिक्के वाचलेस. आत काय आहे ते वाचलंस?"

"नाही काकू. दुसऱ्याचं पत्र..."

"वा. शिक्के चव्हाट्यावर मांडलेस, आणि पत्र मात्र खासगी."

मी खुर्ची ओढून बसले.

"वाच आता. मोठ्याने. मी एकदाच वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा वाचायची सोयच ठेवली नाही."

मी वाचू लागले. पहिलीत असल्यासारखी, बोट ठेवून. तिच्या वडिलांनी लिहिलं होतं. आई मंगळवारी पहाटे गेली, फार त्रास झाला नाही. तू घाईने निघू नकोस, तू येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल. तेराव्या दिवशी तिच्या नावाने तिकडे कुणाला तरी जेवू घाल. शेवटच्या दिवसांत शुद्धीवर असली की ती सारखी म्हणायची...

पुढे काही नव्हतं. मी पान उलटसुलट केलं. पुढे माझी कात्री होती. विसकटलेली कड मी सरळ केली होती, ती हीच.

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण पिस्कॅटवेच्या जमिनीखाली बेसमेंट असतं, आणि त्यात मीच राहत होते.

काकूने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे बघत म्हणाली, "नलूला म्हणावं, नवं घर घेतलं की फोटो पाठव."

एकदा वाचलेली ओळ. दहा वर्षांनी, शब्दाला शब्द.

"पाठवला होता मी," ती म्हणाली. "गृहप्रवेशाचा. साडीतला."

वसंतकाकांनी कप तिच्यासमोर ठेवला. थोडा टेबलावर सांडला. तिने एक घोट घेतला.

"पाणचट झालाय," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

तिने दुसरा घोट घेतला. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी त्यांच्यात एवढंच बोलणं झालं. पण कप तिने रिकामा केला, हे मी स्वतः पाहिलं.

मग तिने पत्रावर बोट ठेवलं. माझ्या त्या न दिसणाऱ्या सांध्यांवरून ते सावकाश फिरत गेलं. हे पत्र तिला फेकवलं नव्हतं आणि अखंड ठेववलंही नव्हतं. आठ तुकडे आणि एक पाकीट, हा तिने स्वतःपुरता काढलेला मार्ग होता. दहा वर्षं तो तिला पुरला होता. मी येऊन तो बदलला, कुणाचाही अर्ज नसताना.

गव्हाच्या खळीचा एक गुण आहे. ओल्या कापसाने ती सुटते, आणि बॉलपेनच्या शाईला धक्का लागत नाही. तीन संध्याकाळचं काम अर्ध्या तासात उलगडतं. माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम होतं ते, वॉल्टरनेसुद्धा मान डोलावली होती. ते उलगडायचं, असं मी त्या सकाळी ठरवलं. उठले, वाटीत पाणी घेतलं, कापूस शोधला आणि हात लावण्याआधी थांबले.

"काकू," मी म्हटलं, "सोडवू का?"

त्या सगळ्या प्रकरणात तिच्या त्या पत्राबद्दल मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.