राखणदाराकडे ठेवलेला पत्रा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, होडीतून उतरणारा चोरटा माल पकडला. त्यातलं पुष्कळसं आता धूसर झालं आहे. पण जस्ताच्या एका पत्र्यापायी एका सरळ माणसाला मी तीन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं, ते विसरता येत नाही. राग चोराचा आहेच, कायद्याचाही आहे. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आहे.

मी मूळचा घाटावरचा. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मालवणच्या आसपास पर्यटकांसाठी हॉटेलं उभी राहत होती आणि त्यांच्या भिंतींवर कोकणची चित्रं टांगायची टूम निघाली होती. अशात एक दिवस पुण्याचे एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. सोबत मोठ्या शहरात चित्रांचं दालन चालवणारा एक विक्रेता होता. अंगात खादीचा झब्बा, बोलणं लोण्यासारखं.

तक्रार अशी होती. मसुऱ्याच्या बाजूच्या एका गावात निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते एचिंग करतात, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा, उमटलेल्या रेघांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर छाप घ्यायचा. मास्तरांच्या एका चित्राचे फक्त पंचवीस छाप काढले होते. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक आणि सही. शेवटचा छाप निघाला की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून तो रद्द करायचा, म्हणजे सव्विसावा छाप कुणाला काढता येत नाही, असा या धंद्याचा नियम. तसं प्रमाणपत्रही मास्तरांनी सही करून दिलेलं होतं. पुण्याच्या गृहस्थांकडे याच विक्रेत्याकडून घेतलेला सातवा छाप होता. आणि इथल्या एका हॉटेलात जेवताना त्यांना समोरच्या भिंतीवर तेच चित्र दिसलं. खाली क्रमांक तोच, सात.

हॉटेलमालक म्हणाला की एक फिरता विक्रेता आला होता, मास्तरांच्या घरूनच आणलंय असं सांगत होता. पावती नाही, पत्ता नाही. झब्बेवाला विक्रेता हळहळला. "साहेब, मीच या माणसाला मोठा केला. आता घरी बसून चोरून छाप काढतोय. तुम्ही अचानक जा, पत्रा घरातच सापडेल." मी त्याला चहा पाजला, हे नमूद करून ठेवतो. तक्रारदाराची वर ओळख होती. त्यामुळे त्याच दिवशी मला वरिष्ठांचा फोनही आला आणि कलम ४२० खाली गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप घेऊन गावात गेलो. गावऱ्हाटीतल्या, म्हणजे गावाचा देवाधर्माचा कारभार बघणाऱ्या, बारा-पाच मानकऱ्यांची देवळात बैठक चालली होती. मास्तर त्यांच्यातच बसले होते. पांढरा सदरा, शाईने काळी झालेली नखं. मी बूट काढायला नकोत म्हणून पायरीखालीच उभा राहिलो आणि बोटाने त्यांना खूण केली. सगळा गाव बघत होता. साध्या वेशातला एक माणूस पाठवून त्यांना बोलावता आलं असतं. पण तेव्हा आपण पोलीस आहोत हे गावाला दिसायला हवं, असं मला वाटायचं.

घराची झडती पंचांसमक्ष घेतली. पडवीत त्यांचं छापायचं यंत्र होतं. उसाच्या रसाच्या जुन्या चरकाचे रूळ आणून लोहाराकडून बनवून घेतलेलं. त्यावर गादीसारखी घातलेली काळी घोंगडी. ॲसिडच्या बाटल्या, सुया, कागद, सगळं मिळालं. पत्रा मात्र मिळाला नाही. आमच्या खात्यात न सापडलेली वस्तू म्हणजे लपवलेली वस्तू. मास्तरांना जीपमध्ये घातलं.

ठाण्यात हॉटेलातलं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. भाताच्या मळ्यात झोडणी करणाऱ्या बायका, मागे गवताची उडवी आणि कोपऱ्यात काजऱ्याच्या झाडाखाली एक पाषाण. मला त्यात विशेष काही दिसलं नव्हतं. मास्तरांनी ते खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. कचेरीत ते स्वच्छ शाळेतली मराठी बोलायचे.

"पत्रा माझाच आहे. ही रेघ माझ्या हातची आहे."

मी चकित झालो. हे चित्र कुणीतरी नक्कल करून बनवलंय, एवढं म्हणाले असते तर माझा तपास तिथेच लंगडा झाला असता.

"म्हणजे छापलंत तुम्ही?"

"नाही."

"मग पत्रा कुठे आहे?"

यावर ते गप्प झाले. तीन दिवस मी त्यांना रोज बोलावून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या बाकावर बसवलं आणि दर तासाला हाच प्रश्न विचारला. प्रमाणपत्र समोर धरलं. "पत्रा रद्द केला असं लिहून दिलंय. ही सही कुणाची?" "माझी." "मग रेघा मारलेला पत्रा दाखवा." गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. मास्तर जमिनीकडे बघत होते. हा फरक मला दिसला होता. वीस वर्षांच्या नोकरीनंतर तो दिसूनही मी काही केलं नाही, कारण वरून रोज विचारणा होत होती, अटक कधी करताय.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको डबा घेऊन आली. माझ्या ठाण्यातले एक हवालदार इथलेच होते. त्यांनी काकींना बाजूला घेतलं, काहीतरी विचारलं आणि थेट माझ्या टेबलासमोर आणलं.

"काकी, साहेबांना सांगा."

काकी पदर सावरून उभ्या राहिल्या. घाबरलेल्या नव्हत्या, चिडल्या होत्या.

"सायबानू, त्या चित्रात काजऱ्याखाली काय आसा, ता तुमी बघितलास? आमच्या गावचो राखणदार तो. तेच्या अंगार खिळ्यान रेघ मारूक ह्यांचो हात धजाक नाय. म्हणान पत्रो नेऊन तेच्याकडेच ठेवल्यानी."

"कुठे ठेवला?"

"थंयच, पाषाणाच्या मागे. थंयसून कोण कायएक उचलूचो नाय."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. त्याच्याकडे ठेवलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. विडी ठेवलेली असली तरी नाही. बँकेच्या तिजोरीपेक्षा जास्त भरवसा."

मास्तर बाकावरून उठले होते. त्यांची शाळेतली मराठी सुटली. "गो, कित्याक सांगलंस? आता हे बूट घालून थंय जातले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुन्हो माझो आसा. रेघ मारूक नाय, आणि मारलंय म्हणान सही केलंय. काय करूचा ता माका करा."

म्हणजे हा माणूस तीन दिवस गप्प बसला तो स्वतःला वाचवायला नव्हे. पंच, पोलीस आणि बघे तिथे जाऊन धुडगूस घालतील, याची त्यांना धास्ती होती. आणि आपण एक खोटी सही केली, याची मान वर करू न देणारी लाज. एवढं सोपं होतं ते, आणि मी त्याला बनेलपणा समजत होतो.

आम्ही गेलो. बूट मी जीपमध्ये काढले, तेही हवालदारांनी सांगितल्यावर. काजऱ्याखाली पाषाण होता, नारळाच्या करवंट्या होत्या, सुकलेली फुलं होती. पत्रा नव्हता. मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. अटकेची भीती त्यांना एवढी नसावी. इथून वस्तू नाहीशी होऊ शकते, हेच त्यांच्या समजुतीपलीकडचं होतं.

"पत्रा इथे ठेवलाय हे कुणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"घरात आमका दोघांका." मग म्हणाले, "आणि शेटाक."

शेट म्हणजे तो झब्बेवाला. पंचवीस छाप न्यायला आला तेव्हा त्याने पत्रा रद्द केला का, असं विचारलं होतं. मास्तरांनी जसं होतं तसं सांगितलं, जागाही दाखवली. तो म्हणाला, वा, किती सुंदर! पण बाहेरच्या लोकांना हे कळायचं नाही, आपण कागदावर 'रद्द केला' असंच घालू. कागद त्यानेच लिहून आणला होता. मास्तरांनी विश्वासाने सही केली. सापळा लावणाराच माझ्यासमोर बसून चहा पीत होता आणि मी त्याने दाखवलेल्या दिशेने धावत होतो.

पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. मी मास्तरांना विचारलं, तुमचा छाप आणि दुसऱ्याचा छाप ओळखायचा कसा? ते म्हणाले, "चित्र कशाक बघतास? पाठ बघा." पुण्याच्या गृहस्थांची चौकट पंचांसमोर उघडली, हॉटेलातलीही उघडली. ओला कागद घोंगडीखाली दाबला गेल्यामुळे खऱ्या छापाच्या पाठीवर घोंगडीची वीण बारीक उमटलेली होती, बोटाला लागत होती. हॉटेलातल्या छापाची पाठ गुळगुळीत होती. तो मास्तरांच्या यंत्रावर निघालेलाच नव्हता. सही तपासायला हस्ताक्षरतज्ज्ञांकडे पाठवली, तीही मास्तरांची नाही असा अहवाल आला.

गाठ सुटली ती शेटच्या जुन्या ड्रायव्हरमुळे. तो जिल्ह्यातल्याच रेडी गावचा होता आणि त्याने मधेच नोकरी सोडली होती. घरी जाऊन विचारलं तर पहिल्यांदा दारच लावायला लागला. हवालदारांनी राखणदाराचा विषय काढल्यावर खाली बसला.

"शेटनी माका उचलूक सांगल्यानी. मी सांगलंय, नोकरी सोडतंय, पण थंय हात घालूचंय नाय. मग तेंनीच उतरान उचलल्यानी आणि डिकीत ठेवल्यानी. माका हसले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कोणाक सांगतलंय? तुमका?" त्याने माझ्या टोपीकडे पाहिलं.

शेटच्या गोदामाची झडती घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा मिळाला, त्याच क्रमांकांचे आणखी छापही मिळाले. एकाच क्रमांकाची चित्रं घेणारी दोन माणसं कधी समोरासमोर येणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. मास्तरांचं नाव गुन्ह्यातून काढलं आणि शेटला अटक केली. चौकशीत तो शेवटपर्यंत नम्र राहिला. फक्त एकदा म्हणाला, "साहेब, झाडाखाली टाकलेला भंगाराचा पत्रा होता तो. चोरी कसली?"

मला वाटलं, हे कोर्टात चालणार नाही. पण नेमकं तेच चाललं. मालकाने उघड्यावर सोडून दिलेली वस्तू कुणाच्या ताब्यात नसते, ताब्यात नसते म्हणून चोरीही नसते, असा युक्तिवाद त्याच्या वकिलाने केला. ती वस्तू टाकलेली नव्हती, ठेवलेली होती, हे मी साक्षीत सांगायचा प्रयत्न केला. "कुणाकडे ठेवली होती? त्याचं नाव, वय, पत्ता?" वकिलाने विचारलं आणि कोर्टात हशा पिकला. मास्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते. वकिलाने प्रमाणपत्र दाखवून विचारलं, हे खोटं आहे ना? ते म्हणाले, "होय, खोटं आहे." झालं. चोरीचं कलम पडलं. छापांवरच्या खोट्या सह्यांपुरती शेटला शिक्षा लागली, तीही अपिलात अडकली. शेट जामिनावर बाहेर आला आणि त्याने दुसऱ्या शहरात याहून मोठं दालन थाटलं. निकालपत्रात मात्र मास्तरांच्या खोट्या सहीवर चांगला परिच्छेदभर मजकूर होता. पुण्याच्या गृहस्थांनी मास्तरांना दोन ओळींचं पत्रसुद्धा लिहिलं नाही.

निकालानंतर मास्तर कोर्टाच्या पायऱ्यांवर मला भेटले. तक्रार कसलीच केली नाही. एवढंच म्हणाले, "सायबानू, माका जीपीत घालून नेलास तेव्हा सगळ्या गावान बघितल्यानी. सोडलास तेव्हा एसटीन इलंय, कोणी बघूक नाय. एकदा दुपारचे जीप घेऊन येवा. देवळात मानकरी बसले आसतीत. थंय येऊन सांगा, ह्यो चोर नाय म्हणान."

मी म्हणालो, बघू. त्याच महिन्यात माझी बदली झाली. अशी काही तरतूद नियमात नाही, असंही मी स्वतःला समजावलं. त्यांना पकडायला गावासमोर गेलो तेव्हा मात्र मला तरतूद लागली नव्हती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते हे. आमच्या खात्यात माणसाला उचलतात भर दुपारी आणि निर्दोष ठरवतात कागदावर. तो कागद कपाटात जातो. गावाकडे उरते ती जीप. कागदावरची सही खरी आणि माणसाचा शब्द खोटा, असं धरून चालण्याची सवय मला लागली होती आणि ती सवय वापरूनच एका लबाड माणसाने मला हवं तसं राबवून घेतलं.

निवृत्तीनंतर मी त्या गावात गेलो. मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती. यंत्र पडवीतच होतं. झडतीनंतर त्यांनी एकही पत्रा कोरला नाही, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मी तिला म्हणालो, मी आठवणी लिहितोय. तुझ्या वडिलांचं संपूर्ण नाव घालून, ते निर्दोष होते असं मी छापून आणतो. एवढं तरी मला करू दे.

तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "नको काका. बाबांचं नाव कुठे घालू नका. नाव वाचलं की लोकांना अजून पोलीस केसच आठवते."