बहिणीचा दीर आणि हरवलेलं बटण

मोबाइलच्या पडद्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस माझ्या बहिणीच्या दिराखेरीज अवघ्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल. आम्ही दोघं इंदरगंजातल्या एका लहानशा कंपनीत होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आमचं एक ॲप होतं. सकाळी उठून 'मी बरी आहे' हे बटण दाबलं, की परगावच्या मुलांना निरोप पोचायचा. त्यात कुठे अक्षर कापलं गेलं, चित्र थरथरलं, की ते काम याच्याकडे. तो त्याला बिघाड म्हणायचा नाही. 'फोन परेशान आहे बिचारा,' म्हणायचा. मग तो फोन उन्हात धरायचा, आडवा करायचा, चष्मा लावून बघायचा, चष्मा काढून बघायचा. नया बाजारात भाजी घेताना भाजीवाल्याचाही फोन मागून घ्यायचा. एका लग्नात आहेर द्यायला म्हणून स्टेजवर चढला आणि नवरदेवाच्या फोनवर वेलांट्यांचे शेंडे उडालेले दिसले, तर तिथेच खुर्ची ओढून बसला. मागे रांग ताटकळली, माझी बहीण खालून डोळे वटारत होती. "वहिनी, आराम से!" तो वरून ओरडला, "एकच वेलांटी राहिलीये!"

पुढे पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. दोन्ही कंपन्यांची ॲपं जोडून एक झाली, आता माणसांची फेरमांडणी व्हायची होती. कोण राहणार, कोण जाणार, या धास्तीने आम्ही सगळे फार गोड बोलायला लागलो होतो. अशात शहरातल्याच हजिरा भागातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या मुलीचा नाशिकहून रडवेला फोन आला. आईचा निरोप नाही, आई फोनही उचलत नाही. आम्ही स्कूटर काढली आणि निघालो.

काकू ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. फोन आत पडला होता. "सकाळपासून शोधतेय, बटणच नाहीये त्यात," त्या म्हणाल्या. "मी बरी आहे, हे आता सांगू कशी?"

त्याने आधी त्यांच्या मुलीला फोन लावून दिला, मग मांडी घालून बसला. मोतीबिंदूमुळे काकूंनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. नव्या ॲपने वर छापलेलं लांबलचक स्वागत त्यामुळे फुगून पडदाभर पसरलं होतं, आणि बटण खालच्या कडेबाहेर ढकललं गेलं होतं. पडदा सरकवायचीही सोय नव्हती.

"अक्षरं लहान कर, येईल बटण," मी म्हणालो.

"आणि काकू वाचणार कशा?" तो माझ्यावर चक्क डाफरला.

दुपारी पुण्याच्या साहेबांसोबत मीटिंग होती. साहेब म्हणाले, "आमच्या सगळ्या फोनांवर नीट दिसतंय. बाईंना वापरता येत नसेल." मी टेबलाखालून याचा पाय दाबला. उपयोग झाला नाही. "सर, त्यांना सगळं येतं," तो म्हणाला. "आपण तरुण डोळ्यांनी बघितलं, गलती आपली आहे." त्याची नोकरी गेली, असं आम्ही सगळे धरून चाललो.

दुरुस्ती व्हायला काही दिवस लागले. तोवर रोज सकाळी हा हजिऱ्याला जायचा, काकूंच्या हातचे पोहे खायचा आणि नाशिकला कळवायचा, 'आई बऱ्या आहेत.' बटण पडद्यावर आलं, तेव्हा काकूंनी ते दाबलं खरं, पण त्यांचा चेहरा काही फारसा खुलला नाही.

फेरमांडणीत आमचं इंदरगंजचं ऑफिस बंद झालं. मी इथेच दुसरी नोकरी धरली. पुण्याला साहेबांनी एकट्या त्यालाच बोलावून घेतलं, म्हाताऱ्या डोळ्यांनी ॲप बघायला.

परवा मी काकूंकडे गेलो होतो. बटण दाबलं, की त्याला तिकडे ऑफिसात कळतंच, तरीही तो रोज फोन करतो म्हणे. विचारतो, "काकू, सगळं नीट दिसतंय ना?"

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"सांगते, सगळं दिसतंय रे," काकू म्हणाल्या. "तूच तेवढा दिसत नाहीस."