साक्रीहून आणलेली अर्धी फौज

आमच्या खेळात अंगठ्याएवढे सैनिक लागतात. टेबलावर लढाई मांडायची, टेपने मोजून तुकड्या हलवायच्या, फासे टाकायचे. जळगावात पाइपच्या कारखान्यात माझ्याबरोबर ड्रॉइंग करणारे दोघे आणि मी, असे तिघे दर रविवारी खेळतो. नवा खोका परदेशातून मागवला तर पगाराला खिंडार पडतं. म्हणून एक खोका तिघांत वाटून घ्यायचा, सैनिकांच्या पायाखालच्या बैठकीला बाटलीची बुचं वापरायची आणि जमेल तितकं जुनं विकत घ्यायचं. जुनं शोधण्याचं काम माझ्याकडे असतं, कारण घासाघीस मला जमते.

गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. रंगवलेल्या दोन पूर्ण फौजा, साक्री, आणि किंमत एका नव्या खोक्याहून कमी. शनिवारी सुट्टी काढून मी धुळ्यामार्गे एसटीने गेले. आणखी कमी करून मागायचं, हे वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

दार एका वयस्क बाईंनी उघडलं; गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत. जाहिरात त्यांनी भाच्याकडून टाकून घेतली होती. मुलगा नाशिकला नोकरीला होता, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेला. ही फौज त्याची. खोली रिकामी करायची आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि मला माडीवर घेऊन गेल्या.

माडीवर त्यांचे यजमान, आबा, बसले होते. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर टेबल होतं आणि त्यावर लढाई मांडलेली होती, अर्धवट. शेवटच्या सुट्टीत मुलाने ती वडिलांबरोबर मांडली होती. एक तुम्ही हलवा, मग एक मी, एवढंच त्याने त्यांना शिकवलं होतं.

मी किमतीचा विषय काढला, तर आबा म्हणाले की डाव चालू आहे. महिनाभरापूर्वी त्यांनी खोली उघडली आणि सहज आपला एक सैनिक पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या बाजूची एक तुकडी हललेली होती. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की ते एक चाल करतात, आणि दुसऱ्या सकाळी उत्तर आलेलं असतं.

मला वाईट वाटलं. एकटेपणात माणूस काय काय करतो, असं मनात आलं. पण टेबलावर धुळीचा पातळ थर होता आणि प्रत्येक सैनिकामागे, तो जिथून सरकला तिथपासूनचा माग, थांबल्याच्या खुणांसकट, स्वच्छ उमटला होता. सवयीने मी पिशवीतला टेप काढला. आबांच्या बाजूच्या चाली कशाही होत्या, कुठे चार इंच तर कुठे वीस. मुलाच्या बाजूचं पायदळ प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे सहा इंच चाललं होतं आणि घोडेस्वार बारा. अर्धा इंचही इकडेतिकडे नव्हता. नियमांचं पुस्तक कपाटात होतं, इंग्रजीत. घरात ते कुणाला वाचता येत नव्हतं. मी टेप पुन्हा लावून पाहिला.

"कोन जिकी ऱ्हायनं?" कोण जिंकतंय, असं आबांनी विचारलं.

मी नीट पाहिलं. मुलाच्या हिरव्या झग्यातल्या सैनिकांची तोंडं आमच्याकडे नव्हतीच. सगळे वळून खिडकीकडच्या, आपल्याच कडेला निघाले होते. फौजेचा धीर सुटला की तिने आपल्या कडेकडे परत जायचं, असा नियम आहे. तिथे खेळणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नसतो. आणखी सात-आठ चालींत ती बाजू टेबलावरून उतरली असती. मी तसं सांगितलं.

आबांनी खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तो जाई ऱ्हायना." तो निघालाय, हे त्यांना उमगलं होतं.

डाव पुरा होऊ दे, मग घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. घासाघीस मी विसरूनच गेले होते.

खाली चहा घेताना मी अक्कांना विचारलं, तुम्ही हलवता का? त्यांना माझा राग येईल असं वाटलं होतं. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"माले वाटे, दोन्ही बाजू ह्याच हालावतस," माडीकडे बोट करून त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी चहाला हात लावला नाही.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. आबांनी आपली बाजू वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून तयार ठेवली होती. टेबलाचा दुसरा अर्धा भाग मोकळा होता. खिडकीच्या कडेपर्यंत धुळीत माग गेले होते आणि तिथेच संपले होते. मी जमीन पाहिली, खिडकीखालचं अंगण पाहिलं. अक्कांनी पलंगाखालून केरसुणी फिरवली. काही सापडलं नाही. आबा मात्र शोधायला उठले नाहीत. त्यांचा चेहरा गेल्या वेळेपेक्षा शांत होता.

अर्ध्या फौजेचे अर्धेच पैसे ते मागत होते. मी जाहिरातीतली पूर्ण रक्कम अक्कांच्या हातात ठेवली आणि त्यांनी नको म्हणायच्या आत बाहेर पडले.

जळगावात दोघे मित्र हसले. म्हातारबाबांनी दुसरा भाग आणखी कुणाला तरी विकला, तू फसलीस, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण जुन्या मालाच्या जाहिराती मी रोज चाळते, तेवढी तर माझी सवयच आहे. हिरव्या झग्यातले ते सैनिक मला अजून कुठेही विक्रीला दिसलेले नाहीत.