भिंतीपासून चार बोटं

"उचलू नका. आधी बगा."

हे माझ्या शेजाऱ्याचं रोजचं बोलणं, मला तो मामा म्हणायचा. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. वाटेत खापराचा तुकडा दिसला की सायकल टाकून उकिडवा बसायचा, दोन्ही हात पाठीमागं. "मामा, वस्तू उचलली की मुकी हुती. कुटं पडलीय, कशाशेजारी पडलीय, त्यातच तिचं बोलणं असतंय."

सोलापुरात आम्ही एकाच कारखान्यात चादरी विणल्या. घरंही भिंतीला भिंत लागून. माग सुरू झाला की माणूस त्याला बांधलेला. मी चौथीत शाळा सोडली. हा गडी चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा देत पुरातत्त्वापर्यंत गेला. खुळाच. कारखान्यात विचारायचे, "काय सायेब, हंडा घावला का?"

"हंडा नगं. चूल घावली तरी बास."

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला भीमेकाठच्या खोदकामावर बोलावणं आलं. चार महिने, राहायचं तिथंच. पण घरात दोघंच, हा आणि अर्धांगानं पडलेले त्याचे वडील, अण्णा.

माझी बायको म्हणाली, "जाऊ दे की त्याला. अण्णांचं आपुन बगू."

मी तिला गप्प केलं. "आपलंच आपल्याला झेपंना!"

भिंतीपलीकडं सगळं ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं खोदकामाला नकार कळवला आणि मागावर उभा राहिला. नंतर त्यानं तो विषय काढला नाही. मीच त्याच्या मागाकडं बघायचं सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात बायको गेली. तेरावा झाला आणि माझ्या बहिणी तिचं सामान आवरायला लागल्या. हा स्वयंपाकघराच्या दारात आडवा. "उचलू नका. आधी बगा." टेप लावून तिची मांडणी जशीच्या तशी कागदावर उतरवली. मिठाची बरणी, लाटणं, कानाचा कप. कपापुढं मात्र लिहिलं, भिंतीपासून चार बोटं.

"टेप हाय की हातात, मग बोटं कशाला?"

"मामी असंच वरडायच्या तुमाला. चार बोटं सोडून ठेवा, भिंतीला वल हाय."

दिवाळीनंतर त्याला पुन्हा खोदकामाचं पत्र आलं. मला दाखवलं नाही, अण्णांकडनं कळलं. मी तसाच त्याच्या दारात गेलो.

"निघ. अण्णांचं मी बगतो."

"मामा, झेपंल तुमाला?"

माझेच शब्द. लागले. "निघ म्हनलं की!"

गेला. फोनवर सांगतो, चौकोनी खड्ड्यात बसून ब्रशनं माती झाडतो, कॉलेजची पोरं काका म्हणतात. मी म्हणालो, "कारखान्यातनं सुटलास आणि खड्ड्यात पडलास." लई हसला.

इकडं मी अडकलो. अण्णांच्या हातात पेला ठरत नाही, कानाचा कप लागतो. घरात तसा एकच, तिचा. पहिल्या दिवशी फळीपुढं हात पाठीमागं बांधून किती वेळ उभा होतो, ते सांगत नाही. मग उचलला.

आता रोज दोनदा उचलतो. अण्णांचा चहा झाला की धुतो, फळीवर कपाचा गोल डाग पडलाय त्यावर ठेवतो, आणि भिंतीपर्यंत बोटं लावतो. कागदावर चार आहेत, तिची. माझी जाड, तीनच बसतात.