कुणीच न बळकावलेली खोली

हे मी देवाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही — आणि देवालासुद्धा खोटंच सांगितलंय. म्हणून तर भीती वाटते. माणसाला फसवलं तर माणूस विसरतो, कधीतरी मरतोही. पण आमच्या गावचा राखणदार देव? तो कुठे जाणार?

बसा जरा. मी वळणं घेत घेतच येणार. सरळ सांगायची हिंमत असती तर एवढी वर्षं गप्प का बसले असते?

तेव्हा मी तरुण होते. हसू नका — नुकती साठी ओलांडली होती, केसांना मेंदी होती आणि डोक्यात होमस्टेचं वारं. तोंडवलीकडे मुंबई-पुण्याचे पर्यटक यायला लागले होते आणि आमच्या वाडीत ज्याला त्याला आपल्या अंगणात सोनं दिसायला लागलं होतं. मीही घरामागच्या दोन खोल्यांना फरशी घालायला घेतली. बाहेर पाटी लावणार होते, ‘सी व्ह्यू’. खिडकीतून दिसायचे चार माड आणि शेजारणीचं न्हाणीघर. पण बाईसाहेबांचा तोरा बघा!

त्या खोल्यांतली एक संदेशला द्यायची होती. संदेश म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आमचे हे जाण्यापूर्वी त्याला म्हणून गेले होते, लग्न झालं की तिथे संसार मांड. एके दिवशी तो आला आणि पडवीत बसला.

“काकी, लगीन ठरलां. पण ऱ्हवाक घर खंय गो? सगळ्यांचे खोलये टुरिस्टांका. आता तूच काय ता बघ.”

‘नाही’ म्हणायला काय झालं होतं मला? पण भावकीत नाव गेलं असतं — सख्ख्या पुतण्याला दार बंद केलं म्हणून. माझी नजर कुंपणाकडे गेली. तिथे पत्र्याच्या खोपटात शांतव्वा, तिचा नवरा आणि त्यांचं लहान पोर राहायचे. विजापूरकडची माणसं, चिऱ्यांच्या खाणीवर कामाला. माझ्या खोलीत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

“काय सांगू रे बाबा,” मी म्हटलं, “तुझी खोली त्या खाणवाल्यांनी धरली. सामान नेऊन ठेवल्यानी. निघ म्हटलां तर कोयतो दाखवता तो!”

कोयतो! तो मी कुठून आणला, कोण जाणे. बोलता बोलता मीच डोळ्यांना पदर लावला. आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याचं काम थांबवून खोल्यांना कुलूप घातलं, म्हणजे आत कुणीच नाही ते कुणाला दिसायला नको.

निवडणुकीचे दिवस होते. माझं खोटं माझ्याआधी सभेत जाऊन बसलं. उमेदवार बाहेरगावचा, गोरापान. म्हणाला, “देशभर हेच चाललंय. आपल्या पोरांना घर का मिळत नाही? कारण बाहेरचे येऊन बसलेत. या तुमच्याच आजींना विचारा!” सगळे माझ्याकडे वळले, टाळ्या पडल्या. मला राग आला तो आजी म्हटल्याचा. बाकी कशाचा नाही. गावात भाड्याला घर नव्हतं, कारण दर अंगणात माझ्यासारखी एक शहाणी बसली होती. हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं? पण टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या.

मग गावाने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. देवासमोर मानकरी गावकराने नारळ हातात घेतला आणि आवाज चढवला — “बा देवा म्हाराजा! जो कोण ह्या गावच्या लेकराचो आसरो अडवून बसलो आसा, तेच्या घराक शांती देऊ नको, तेका तुझो धाक दाखव म्हाराजा!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाऱ्हाणं माझ्यासाठी होतं ना — मी गप्प कशी राहणार?

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने. स्वतःच्या तोंडाने, स्वतःवर.

देवळातून पोरं तशीच उठली आणि आमच्या वाडीकडे निघाली. पुढे संदेश. मी आडवाटेने पळत घरी आले. वाटलं का तुम्हाला, शांतव्वाला सावध करायला? मी आत शिरले आणि कडी लावली.

खोल्यांना कुलूप बघून पोरं खोपटाकडे वळली असणार; पत्रे उपटल्याचा आवाज आला. मग मागच्या दारावर थापा. “आज्जी! आज्जी, तुम्ही सांगा की त्यांना. आम्ही कधी खोली मागितली का हो?” तिचं पोर रडत होतं. तिचा नवरा खाणीवर होता. आमच्यामध्ये एक फळी होती फक्त. मला तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे माझाही तिला येत असणार. एक वाक्य बोलायचं होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिले — ती काय करील म्हणून नाही, मी खोटी ठरेन म्हणून.

थापा थांबल्या. अंगण शांत झालं तरी मी कडी काढली नाही.

संदेशला खोली दिली नाहीच. म्हटलं, त्या जागेचा आता धसका बसलाय, तुला कशाला देऊ? तो मला समजावीत राहिला, मग बायकोला घेऊन कणकवलीला भाड्याने गेला. गणपतीला येतो, पाया पडतो, जाताना म्हणतो, “काकी, एकटी ऱ्हवतंस, कडी नीट लाव हां. परत कोण घुसात.” त्याचे हात पायाला लागतात तेव्हा मला घाम फुटतो. त्या हातांनी पत्रे उपटले होते, माझ्या शब्दावर. हे त्याला कळलं तर?

शांतव्वा कुठे गेली, मला माहीत नाही. खाणीवर विचारलं असतं तर कळलं असतं. खाण लांब नाही, रिक्षा जाते. मी विचारलं नाही.