पत्र्याच्या डब्यातला तंबोरा
काल जुन्या डब्यातली सुटलेली तार डाग देऊन जोडताना राळेचा धूर नाकात गेला आणि नव्वदच्या दशकातली राजारामपुरीतली एक संध्याकाळ आठवली. मी फौंड्रीत इंजिनियर होतो आणि गल्लीतल्या गायनाच्या बाईंसाठी बिस्किटांच्या डब्यात विजेवरचा तंबोरा बनवला होता. आवाज कसा हवा हे त्यांनी सांगायचं, सर्किट मी जमवायचं, असे चार महिने गेले. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजणार होता. बाई आलाप मध्येच थांबवून म्हणाल्या, "ह्यो चढायलाय बघ." मी सगळ्यांदेखत सुनावलं, "सकाळी मीटरवर मोजून लावलाय, बाई. तुमचा कान चुकतोय." त्याच सुरात लावून ठेवलेला जुना तंबोरा बाईंनी जवळ ओढला आणि तार छेडली. दोन षड्ज एकमेकांना घासत थरथरू लागले. मी डब्याला हात लावला, तर तो चांगलाच तापलेला. आतले भाग तापले की सूर सरकतो हे शिकलेला मी, आणि डबा लावला होता गार असताना! बाई हसल्या, "पावणं आल्या आल्या गातंय व्हय? टेकू दे की त्याला जरा. चहा घेऊया, मग लावू." चहानंतर बटण फिरवून त्यांनीच तो कानानं लावला आणि तासभर त्याचा सूर हलला नाही. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल डब्याचा लाल दिवा लागला, आणि घरात गाणारं कुणी नसताना मी उठून चहाचं आधण ठेवलं.